सत्काराचा टॉवेल

काकरखेड्यात शर्यतीतला स्वार घोड्यावरून पडला की त्याला काही होत नाही. हाड मोडतं ते त्या वळणावरच्या स्वयंसेवकाचं. म्हणून तिथे शर्यतीचा विमा काढतात. विमा असला की हाड शहरात, कंपनीच्या कचेरीत मोडतं. तिथे त्यासाठी धडधाकट माणसं पगारावर बसवलेली आहेत.

यंदाचे आयोजक भिकनराव गिरासे. विमा त्यांनी वेळेत काढला होता. पण सकाळी रीतीप्रमाणे त्यांनी सगळ्या स्वयंसेवकांचा टोपी, टॉवेल, नारळ देऊन सत्कार केला, आणि नेमकी तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

"स्वयंसेवक म्हणजे ज्याला काही मिळत नाही तो," कंपनीचे निरीक्षक चांदेकर म्हणाले. "यांना टॉवेल मिळाला. आता हे पॉलिसीत बसत नाहीत."

"अहो साहेब, टॉवेल म्हणजे मान असतो!"

"मानाचं कलम वेगळं. ते तुम्ही घेतलेलं नाही. शर्यत सुटायच्या आत सगळं परत घ्या."

बाकीच्यांनी मुकाट्याने परत दिलं. राहिले कौतिकआप्पा. ओढ्याच्या वळणावर दरवर्षी कोणी ना कोणी पडतंच, आणि तिथे निशाण घेऊन आप्पाच उभे असतात. भिकनरावांना घोड्यावर बसायला शिकवलं त्यांनीच. भिकनराव लहानपणी सारखे पडायचे, आणि तेव्हा विमा नव्हता. आप्पांचा उजवा पाय वाकडा आहे तो त्यामुळे. आता मोडला तर जुळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भिकनराव चांदेकरांना घेऊन वळणावर गेले.

"आप्पा, टॉवेल द्या."

"चार माणसांत घातलास ना खांद्यावर? आता चार माणसांत काढून घेणार?"

"तुमच्या पायासाठी सांगतोय."

"पाय माझा आहे. मान गावाचा आहे."

भिकनरावांनी निशाणाच्या काठीला हात घातला. "मग निशाण माझ्याकडे द्या आणि घरी जा."

"वळण सोडून? मी?"

आप्पा काठी सोडेनात. शेवटी दोघांनी मिळून ती धरली. चांदेकर जवळ आले.

"निशाण धरलंत, म्हणजे आता तुम्हीही स्वयंसेवक. पण सकाळी आप्पांनी तुम्हाला फेटा बांधलाय. तो उतरवलात तर तुमच्या वाट्याचं अर्धं हाड कंपनी घेईल."

भिकनरावांचा हात फेट्याकडे गेला. त्यांनी आप्पांच्या खांद्याकडे पाहिलं आणि हात तसाच खाली घेतला.

तेवढ्यात घोडे आले. ओढ्याच्या काठावर पांढऱ्या घोडीचा पाय घसरला. स्वार उडून दगडांवर आपटला, उठला, कपडे झटकले आणि पुन्हा घोडीवर बसून निघून गेला. वळणावर कट्ट आवाज झाला. हाड एकच होतं, पण आवाज दोन ठिकाणांहून आला.

चांदेकरांनी खाली बसून दोघांचे पाय चाचपले.

"अर्धं-अर्धं झालंय. नुसत्या चिरा आहेत, जुळतील. दावा मात्र मंजूर होणार नाही."

"मागतंय कोण?" आप्पा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपला उजवा पाय भिकनरावांच्या डाव्या पायाला लावला आणि दोन्ही मिळून घट्ट बांधले.

मैदानावर दुसऱ्या फेरीची शिट्टी झाली. दोघांनी निशाण वर केलं.