सुईबाईचं दुसरं दुखणं

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे, मुलांनो, त्या पलीकडच्या, एक साळिंदरीण राहायची. तिचं नाव सुईबाई. आधीच सांगून ठेवते, ती माझी कुणी लागत नाही. आणि आज मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलते आहे, त्याचाही गोष्टीशी काही संबंध नाही. तुम्ही पुढे ऐका.

सुईबाई शिकलेली होती. म्हणजे काळजी करायला तिला कारणं कमी पडत नसत. पिल्लू झोपलं की ते श्वास घेतंय ना, म्हणून ती बघायची. पिल्लू जागं असलं की ते झोपत का नाही, म्हणून बघायची. पिल्लाचं नाव टाचू. टाचूचे काटे अजून मऊ होते आणि दात अजून यायचे होते. तो फक्त आईने चावून मऊ केलेला कंद खायचा. आजीने चावलेला त्याला चालत नसे. दगडावर ठेचलेला तर तो थुंकूनच टाकायचा.

आता सुईबाईचं दुखणं सांगते.

तिच्या अंगात पहारेकरी होते. सगळ्यांच्याच असतात. बाहेरून चोर आला की त्याला चावायचं, हे त्यांचं काम. पण सुईबाईचे पहारेकरी फारच कामसू निघाले. चोर येईना, तेव्हा ते तिचेच सांधे चावायला लागले. सकाळी उठलं की गुडघे म्हणायचे, "आज राहू दे." बोटं म्हणायची, "आम्हीपण." यावर कवचे वैद्यांनी तिला एक कडू पाला लावून दिला होता. कवचे वैद्य म्हणजे कासव. सांध्यांचे मोठे जाणकार. तो पाला रोज खाल्ला की पहारेकरी पेंगायचे आणि सांधे वाचायचे. अडचण एवढीच, की खरोखरीचा चोर आला तरी पहारेकरी पेंगतच राहायचे.

सुईबाईने हे दुखणं छान सांभाळलं होतं. जंगलात तिचं नाव होतं. "सोशिक आहे हो," असं म्हणायचे सगळे. आणि हे ऐकलं की सुईबाईला पाल्यापेक्षा जास्त गुण यायचा.

कारण त्या जंगलात एक रीत होती, मुलांनो. एका जनावराला एकच दुखणं. रानडुकराला कंबर. माकडाला पित्त. हत्तिणीला हुरहुर. जे दुखणं आधी आलं, ते आपलं. कुणी विचारलं तर त्याच्यावरच बोलायचं. दुसरं दुखणं सांगणं म्हणजे जेवणावळीत दुसऱ्यांदा पंगतीला बसण्यासारखं. कुणी उठवत नसे, पण बघत मात्र सगळे.

"आमच्या वेळी एकेकच दुखणं असायचं," सुईबाईच्या सासूबाई सांगायच्या. "तेच आम्ही जन्मभर पुरवून पुरवून वापरलं. तुम्हा आजकालच्या मुलींना सगळंच जास्त लागतं."

आणि एके दिवशी सुईबाईची हिरडी सुजली.

आधी नुसती ठसठसली. मग गाल कानापर्यंत चढला. मग अशी कळ यायला लागली, की सुईबाईचे सगळे काटे एकदम ताठ व्हायचे आणि बिळात कुणाला वळायला जागा राहायची नाही.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "काटे का उभे?"

"गुडघे, सासूबाई."

"मग गाल का सुजलाय?"

"गुडघ्यांमुळेच."

सासूबाईंनी मान डोलावली. जुन्या दुखण्याचा हा एक फायदा असतो. त्याच्या नावावर काहीही खपतं.

सुईबाईने घरचे उपाय केले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. लवंग धरली. पेरूचा पाला चघळला. मग तिने शिकलेल्या बायका करतात ते केलं. ती पोपटाकडे गेली. त्या पोपटाला सगळं माहीत असायचं. कुठलाही प्रश्न विचारा, तो विचार न करता उत्तर द्यायचा.

"हिरडी सुजली तर काय होतं?" सुईबाईने विचारलं.

"काही होत नाही," पोपट म्हणाला. "किंवा दात पडतो. किंवा जबडा सडतो. किंवा विष रक्तात जातं आणि तेराव्याला लाडू होतात. नवीन घरटं घ्यायचंय का? स्वस्तात आहे."

सुईबाईला पहिलं उत्तर ऐकूच आलं नाही. घरी येऊन तिने टाचूचा श्वास बघितला, मग स्वतःचा बघितला, आणि दुसऱ्या दिवशी हिंमत करून कवचे वैद्यांकडे गेली.

"सांधे कसे आहेत?" कवच्यांनी विचारलं.

"बरे आहेत. ते... माझी एक मैत्रीण आहे. तिची हिरडी सुजली आहे."

"तुमच्यासारखाच पाला खाते का ती?"

"अगदी माझ्यासारखाच."

"मग मैत्रिणीला म्हणावं, दातांचं काम ठोक्यांकडे. मी मानेच्या वर बघत नाही." आणि त्यांनी आपली मान आत घेतली.

ठोके वैद्य म्हणजे सुतारपक्षी. उंबराच्या खोडात त्यांचा दवाखाना होता. आतून सतत ठकठक यायची आणि बाहेर बसलेल्यांचे दात त्या आवाजानेच बरे व्हायचे.

"मैत्रीण सांध्यांचा पाला खाते?" ठोके म्हणाले. "अरे बापरे. मग मी चोच लावणार नाही. पाला सुरू ठेवायचा की थांबवायचा, ते आधी कवच्यांना विचारून या."

सुईबाई कवच्यांकडे परत गेली.

"हिरडीसाठी पाला थांबवायचा का, हे मी कसं सांगू?" कवचे म्हणाले. "हिरडी किती बिघडली आहे, ते ठोकेच सांगतील. त्यांना विचारून या."

सुईबाई दोघांनाही, "हो हो, तसं बरोबरच आहे," असं म्हणाली. "घाई नाही. मैत्रीण तशी बरी आहे." आणि आपण कुणाला त्रास दिला नाही, या समाधानात ती लंगडत घरी आली. मुलांनो, हसू नका. असतात अशी जनावरं.

पण आता तिला चावता येईना.

उजव्या बाजूने येत नव्हतंच. डाव्या बाजूने चावलं, तरी कळ उजवीकडे जायची. ती कंद तोंडात घेई, डोळे मिटी, आणि तसाच बाहेर काढून ठेवी. टाचू समोर बसून वाट बघायचा. मग ती त्याला चिखलासारखं काहीतरी ठेचून द्यायची. तो ते थुंकायचा आणि आईच्या तोंडाकडे बघायचा. दिवसेंदिवस तो बारीक व्हायला लागला. पण रडत नव्हता. शेजारीण यायची, "कसा आहेस रे टाचू?" असं विचारायची, आणि टाचू म्हणायचा, "बला आहे."

"काय शहाणं बाळ आहे!" शेजारीण म्हणायची. "अगदी आईवर गेलाय."

सुईबाईला याचासुद्धा अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सुई, हा लंगडतोय का गं?"

सुईबाईने टाचूला उलटा केला. त्याच्या मागच्या पावलात एक काटा घुसला होता. लांब, काळा-पांढरा. तिचाच होता. कळ आल्यावर अंगावरून गळलेला. पाऊल टम्म फुगलं होतं. काटा आजचा नव्हता.

"टाचू! सांगितलं का नाहीस रे?"

टाचूने जरा विचार केला.

"मला आधी भूक लागली होती ना," तो म्हणाला. "मग काटा कसा सांगू?"

सासूबाई उगाचच माती उकरायला लागल्या.

सुईबाईने पावलातला काटा काढला. मऊ पाला बांधला. मग ती उठली. गुडघे म्हणाले, "आज राहू दे." ती म्हणाली, "गप्प बसा." मुलांनो, सुईबाई आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी गप्प बसा म्हणाली होती. स्वतःच्या गुडघ्यांना का होईना.

ती थेट कवच्यांच्या तळ्यावर गेली.

"ती मैत्रीण मीच आहे," ती म्हणाली. "चला ठोक्यांकडे."

"मी? उंबरापर्यंत? निघतो. पोचतो हळूहळू."

"तुम्ही चालत पोचेपर्यंत माझ्या टाचूचं लग्न होईल. पाठीवर बसा."

"काट्यांवर?"

"कवच कशाला दिलंय देवाने?"

अशी वरात निघाली. खाली साळिंदरीण, वर कासव. सुईबाईच्या सगळ्या सांध्यांनी एकेक करून निषेध नोंदवला. वाटेत माकड भेटलं. रीतीप्रमाणे ते फांदीवरूनच ओरडलं, "काय सुईबाई, कशी आहेस?"

"बरी नाही," सुईबाई म्हणाली. "सांधे धरलेत आणि हिरडीत पू झालाय. पिल्लू उपाशी आहे. आणि तू कसा आहेस?"

माकड फांदीवरून पडलं. त्याला असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं. पुढे काय म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

उंबराखाली दोन वैद्य समोरासमोर आले.

"आपण कवचे का?"

"आपणच ठोके? नाव बरंच ऐकून आहे."

"छे छे, आपल्यापुढे आम्ही काय."

सुईबाईने मध्येच तोंड उघडलं. दोघांनी आत बघितलं. आणि दोघेही एकदम गप्प झाले. वैद्य असे एकदम गप्प झाले, की ते कुठल्याही पोपटापेक्षा वाईट असतं.

"पाला चार दिवस थांबवा," ठोके म्हणाले.

"थांबवतो," कवचे म्हणाले. "तुम्ही पू काढा."

संपलं. एवढंच होतं. सुईबाई दोघांमध्ये जितका वेळ येरझाऱ्या घालत होती, तेवढ्यात एखादं झाड उगवून आलं असतं. आणि त्यांचं बोलणं शेंग सोलायला लागतो त्यापेक्षा कमी वेळात झालं.

"पण काय हो," कवचे रागावून म्हणाले, "पहारेकरी पेंगलेले असताना हिरडी सुजणं, ही अंगावर काढायची गोष्ट आहे? आधी का नाही बोललात?"

तुम्हीच तर पाठवलंत, असं सुईबाई म्हणणार होती. पण तोवर ठोक्यांची चोच तिच्या तोंडात गेली होती.

"बाळ काय म्हणतंय?" ठोक्यांनी विचारलं.

"आं आं," सुईबाई म्हणाली.

"आणि सासूबाई?"

"आं."

"वा वा. छान."

दातांचे वैद्य प्रश्न नेहमी अशाच वेळी विचारतात, मुलांनो. त्यांना उत्तर नको असतं, जागा हवी असते.

पू निघाला. कळ ओसरली. संध्याकाळी सुईबाईने कंदाचा एक तुकडा तोंडात घेतला आणि डाव्या बाजूने हळूहळू चावला. टाचूने तो खाल्ला. आणखी मागितला. मग म्हणाला, "आई, पाय दुखतोय. आणि तहान लागलीय. आणि मला कंटाळा आलाय."

सुईबाईला रडू आलं. इतकी सुरेख यादी तिने कधी ऐकली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळं छान झालं. कुठलं छान? पाला बंद, म्हणून पहारेकरी खडबडून जागे झाले, आणि कासवाला वाहून सांधे आधीच खिळखिळे झालेले. चार दिवस सुईबाई बिळात आडवी. शेजारणी बघायला आल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, "पूर्वी किती सोशिक होती, नाही?" सुईबाईने ते ऐकलं. तिला वाईट वाटलं. खरं सांगते, बरंच वाईट वाटलं. मग टाचू येऊन तिच्या पोटाशी झोपला, आणि ती त्याचा श्वास बघायला लागली.

जरा वेळाने सासूबाई जवळ सरकल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "सुई, ते ठोके म्हाताऱ्या माणसांच्या दाढा बघतात का गं?"

"का हो, सासूबाई?"

"मला नव्हे मेलीला. माझी एक मैत्रीण आहे."

तात्पर्य : सोशिकपणा हा फार थोर गुण आहे. तो नेहमी शेजारणीत असावा. ज्यांना तो स्वतःत हवा आहे, त्यांनी आधी मुलांना बाहेर पाठवावं, कारण मुलं ऐकतात ते विसरतात, बघतात ते शिकतात.

चला, उठा आता. माझ्या चपला शोधा. दातांचा दवाखाना सहाला उघडतो. आणि जिन्यात कुणी मला "कशी आहेस?" असं विचारलं, तर उत्तर तुम्ही द्या. माझ्या तोंडून चुकून भलतंच निघेल.