नवरदेव, ओढा आणि लाल बॅग

आमची गाडी चंद्रावर बंद पडली तरी माझं कुटुंब चार दिवस आरामात काढेल, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे. सांगायचे म्हणजे, माझ्या दिराच्या लग्नापर्यंत!

मला कुणी घाबरट म्हणतं, कुणी काळजीखोर. मी म्हणते, सावध. पदरात दीड वर्षाची मुलगी असली की बाईला डोक्यामागेही डोळे फुटतात. कळव्यात लाईट गेली की शेजारी मेणबत्ती शोधतात, तेव्हा मी संचिताला कडेवर घेऊन जिन्यात उभी असते! त्यामुळे गाडी घेतल्यावर मी सीट कव्हरच्या आधी डिकीत लाल बॅग ठेवली. रुतलेली गाडी ओढायचा निळा दोर, घडीचं फावडं, चाकात हवा भरायचा पायपंप, टॉर्च आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. आडरस्त्याला कसं तगायचं याचे व्हिडिओ मी इतके पाहिलेले की संचिताला झोपवताना अंगाईऐवजी दोराच्या गाठी आठवायच्या.

सम्यकचं, म्हणजे दिराचं लग्न मुरबाडच्या पुढे आमच्या गावी होतं. घरची मंडळी बसने पुढे गेलेली. नवरदेवाला मागून आणायची जबाबदारी माझी आणि माझ्या नवऱ्याची, रत्नदीपची. सम्यकचा पांढराशुभ्र सूट सासूबाईंनी कल्याणला स्वतः उभं राहून शिवून घेतलेला. त्यांच्या स्वतःच्या लग्नात फोटोवाला आलाच नव्हता. ती कसर त्या आता भरून काढणार होत्या.

"अमृता, सूट जसा निघतोय तसाच मांडवात पोचू दे," त्या बसमध्ये चढताना म्हणाल्या. "फोटो जन्मभर राहतो."

मी म्हटलं, आई, एक डाग लागला तर मला सून म्हणू नका!

कल्याणच्या पुलावरच आमचा उशीर सुरू झाला. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांना आमच्यानंतर लगेच दुसरं लग्न होतं. गावाजवळ आल्यावर रत्नदीप म्हणाला, डांबरी रस्त्याने वळसा घालून जाऊ. पण समोर ओढा होता, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, आणि पलीकडे मांडव चक्क दिसत होता! अशा क्षणासाठीच तर मी बॅग भरली होती. मी म्हटलं, घाल गाडी. काही झालंच तर मी आहे.

ओढा वरून पापड होता, आतून श्रीखंड! मधोमध गेल्यावर गाडीने एक सुस्कारा सोडला आणि ती म्हशीसारखी बसली.

"वहिनी, मी उतरून चालत जातो," सम्यक म्हणाला.

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाय वर घेतले. गुडघाभर चिखल आणि तो पांढरा सूट! मी त्याला दारातूनच गाडीच्या टपावर चढवलं, खाली संचिताची दुपटी अंथरली, आणि शांतपणे, अगदी व्हिडिओतल्यासारखी, डिकी उघडली.

बॅगेत एक रिकामी पिशवी होती.

"फावडं?" मी विचारलं.

"ते आमच्या दौलतकाकांनी मागच्या आठवड्यात गावी नेलं. मांडवाचे खड्डे खणायला," रत्नदीप म्हणाला.

"दोर?"

"मांडवालाच लागला असेल."

"आणि पंप?"

तो दुसरीकडे बघायला लागला. पंपाने त्याने फुगे फुगवलेले! टॉर्चचे सेल घरातल्या घड्याळात गेलेले. लग्नघर म्हणजे टोळधाड. प्रत्येकाने फक्त एकच वस्तू घेतलेली, आणि तीसुद्धा परत ठेवायच्या बोलीवर!

बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मात्र कुणी हात न लावलेली एकच गोष्ट होती. संचिताचे डायपर, अख्खं मोठं पाकीट. मला एकदम सुचलं. चाकाखाली काहीतरी कोरडं घालतात ना? मग डायपरइतकं ओलावा शोषणारं जगात दुसरं काय आहे!

आम्ही सगळे डायपर, संचिताच्या अंगावरचासुद्धा, चाकांखाली सारले. त्यांनी चिखलातलं पाणी इमानदारीने प्यायलं आणि ते इडल्यांसारखे फुगले. रत्नदीपने ॲक्सिलरेटर दाबला. चाकं त्या इडल्यांवर गुळगुळीत फिरली, आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली.

मग मी निघतानाच गळ्यात अडकवलेली शिट्टी फुंकली. संकटाची खूण, तीनदा. दोन मिनिटांत सगळं वऱ्हाड काठावर हजर! मदतीला नाही, मोबाईल घेऊन. मध्ये टपावर मांडी घालून नवरदेव, आत काचेला नाक लावून संचिता, बाजूला चिखलात आम्ही नवरा-बायको. बँडवाल्यांना वाटलं, वरात अशीच काढायची पद्धत असेल. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

शेवटी दौलतकाका ट्रॅक्टर घेऊन आले. गाडीला बांधायला दोर हवा होता. गावात तेवढा दणकट दोर एकच होता, माझाच, मांडवाला बांधलेला. तो सोडल्यावर मांडवाची डावी बाजू हळूच खाली बसली, पण गाडी मात्र सुर्रकन बाहेर आली! दोन टन वजन ओढणारा दोर आहे तो, हे मी त्या गडबडीतही सगळ्यांना सांगितलं.

आणि सूट? बेदाग! आईंनी सम्यकला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग माझ्या चिखलाने माखलेल्या हाताला धरून मला मांडवात नेलं. दौलतकाका डावा बांबू खांद्यावर पेलून उभे राहिले आणि त्रिशरण-पंचशील होऊन लग्न लागलं.

मग फोटो. फोटोवाल्याने सगळ्यांना ओळीत बसवलं. आई मध्ये बसल्या, पदर सारखा करून.

"पिल्लूला माझ्याकडे द्या," सम्यकने मोठ्या प्रेमाने हात पुढे केले. संचिता काकाच्या मांडीवर जाऊन बसली. खुदकन हसली. मग एकदम गंभीर झाली आणि एका जागी टक लावून बघू लागली.

ती नजर लेकराच्या आईशिवाय कुणाला कळत नाही. मला कळली. मी शिट्टी तोंडात घातली, तीनदा फुंकली. पण तोवर फ्लॅश पडलेला!

पांढऱ्या पँटवर पिवळा नकाशा पसरत गेला. आईंनी तो नकाशा नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"अमृता," त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या बॅगेत यावर काही आहे का गं?"

होतं ना, आई. ओढ्यात, चाकाखाली!