बापावर गेलेलं संत्रं

"आज यांना बाहेर झोपवायचं," दंतवैद्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, तेव्हा सासूबाईंनी आपली शाल घट्ट ओढून घेतली. मग कळलं, की विषय संत्र्याच्या रोपांचा आहे.

हिमात तग धरणारं संत्रं बियांपासून तयार करायचं, हा दंतवैद्यांचा कित्येक वर्षांचा ध्यास. गोड संत्र्याच्या फुलाला त्यांनी थंडीला भीक न घालणाऱ्या एका काटेरी, कडू जातीचे पराग लावले होते. गोम अशी, की संत्र्याच्या एकाच बीतून दोन-तीन रोपं उगवतात आणि बहुतेक आईची हुबेहूब नक्कल निघतात. बापाचं पान तीन दलांचं. ते ज्याच्यावर दिसेल, तेच खरं संकरित. दात तपासायच्या आरशाने त्यांनी शेकडो पानं खालून-वरून पाहिली. एवढी चिकाटी लोक स्वतःच्या दातांबाबतही दाखवत नाहीत.

"बापावर गेलं तरच पोर खरं!" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यात असं बोलायची कुणाची छाती नव्हती."

अशी सहा रोपं निघाली आणि घरातल्या एकुलत्या एक उन्हाच्या खिडकीत ठाण मांडून बसली. तिथेच बायकोला शिवणयंत्र ठेवायचं होतं. तिने निकाल दिला होता, "बाहेरच्या थंडीत जगली, तर अंगणात लावा. मेली, तर हा नाद कायमचा बंद."

त्या रात्री पारा शून्याखाली गेला.

सकाळी दंतवैद्यांनी दारातूनच पाहिलं. सहाही हिरवीगार! "सगळी पास!" म्हणत त्यांनी कुदळ उचलली. "आत्ताच्या आत्ता जमिनीत लावतो."

"थांबा," बायको म्हणाली. "मरतील ती. दोन मी स्वयंपाकघरात ठेवली होती. पहाटे परत नेली."

"अगं, अट तुझीच होती ना?"

"अट माझी. पण रोपं काय माझी वैरी आहेत?"

मुलगी जमिनीकडे बघत पुटपुटली, "बाबा, दोन माझ्या रजईत होती."

सासूबाईंनी घसा खाकरला. "एकाला मी गरम पाण्याची पिशवी दिली. सांधे धरले असते बिचाऱ्याचे."

दंतवैद्य पायरीवर मटकन बसले. सगळी तपश्चर्या मायेने बुडवली होती, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आणि सहावं?"

तिघी एकमेकींकडे बघू लागल्या.

"त्याला कोण हात लावणार?" सासूबाई म्हणाल्या. "नुसतं ओरबाडतं मेलं!"

सहावं रात्रभर कुंपणापाशी एकटं उभं होतं. पानांवर बर्फाचा पातळ पापुद्रा, पण तिन्ही दलं ताठ. दंतवैद्यांनी नखाने जराशी साल खरवडली. आत हिरवंकंच! त्यांचे डोळे भरून आले.

"लावा हे अंगणात," बायको हळूच म्हणाली. "जिंकलात."

"एका रात्रीने काही सिद्ध होत नाही," दंतवैद्यांनी शास्त्रीय चेहरा केला. "आज पुन्हा परीक्षा. आणि खबरदार कुणी हात लावाल तर!"

संध्याकाळी पारा पुन्हा उतरू लागला. बायकोने खिडकीतून पाहिलं, तर कुंपणापाशी कुंडीच नाही. शोधत शोधत ती दवाखान्यात गेली. रुग्णाची खुर्ची मागे कलती केलेली, तिच्यावर कुंडी, शेजारी हीटर, आणि दंतवैद्य ओरखडलेल्या हातांनी कुंडीभोवती स्वतःचा कोट गुंडाळत होते.

"अहो, परीक्षा?"

"पहिला आलेल्याची कुणी फेरपरीक्षा घेतं का?" ते नजर चुकवत म्हणाले. "दार लाव आधी. वारं येतंय."