भोंगा वाजल्यावर कोणत्या दिशेने धावावे

धोक्याची सूचना मिळाली की माणूस धोक्याच्या दिशेने धावतो, या गृहीतावर जगातील सर्व सुरक्षायंत्रणा उभ्या आहेत. डोंगरकडा या गावापासून सहा किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावात २००८ सालच्या उन्हाळ्यात हे गृहीत तपासले गेले. चाचणी मी घेतली नाही, ती झाली. (माझी बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्समधली असल्याने हा फरक नोंदवून ठेवतो.)

किसनरावांच्या घरी मागच्या खोलीत हळदीची अकरा पोती होती. त्यांची मुलगी प्रियदर्शनी हिच्या नांदेडच्या नर्सिंग कॉलेजातल्या प्रवेशासाठी ती राखून ठेवली होती. प्रवेश जुलैत होता, म्हणून पोती जुलैपर्यंत सांभाळायची होती. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा बालाजी याने त्यासाठी आपल्या ऑफिसने काढून टाकलेले सुरक्षा पॅनल आणले. त्यात एक लोखंडी पेटी, आकड्यांची बटणे, दारांना लावायचे चार सेन्सर आणि एक भोंगा होता.

"दार उघडलं की बोंबलतंय," बालाजीने आईला समजावले.

मंजुळाबाई म्हणाल्या, "मंग आमी घरात यावं कुठून?"

या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत नव्हते. तिसऱ्या दिवशी बालाजी पुण्याला परतला आणि यंत्रणा माझ्याकडे आली.

पॅनल एकटे असले की नुसते ओरडते. कॉम्प्युटरला जोडले की विचार करून ओरडते. म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर किसनरावांच्या बैठकीत ठेवला, त्याला ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टर दिला, पॅनलपासून केबल ओढली आणि स्मार्ट घराचे सॉफ्टवेअर बसवले. पॅनल आणि कॉम्प्युटर यांना एकाच वेगाने बोलावे लागते, नाहीतर एकमेकांचे एक अक्षर कळत नाही. ते जमायला अकरा दिवस लागले. (किसनराव आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचे एकोणीस वर्षांत जमलेले नाही.)

पहिल्या आठवड्यात पॅनलने ३१२ घटना कळवल्या. वर्गवारी अशी: मंजुळाबाई ११८, विरजण मागायला आलेल्या बाया ६४, मांजर ४१, शेळ्या २३, वीज गेली ३३, वीज आली ३३, चोर शून्य.

सॉफ्टवेअरची थोरवी अशी की त्यात नियम लिहिता येतात. अमुक झाले की तमुक करा. मी पहिला नियम लिहिला: मागच्या खोलीचे दार उघडले की कोणी बंद करेपर्यंत भोंगा वाजवा. बाकीची दारे पूर्वीसारखी गावाला मोकळी ठेवली.

किसनरावांनी पडद्यावरच्या 'वीज आली' या ओळीवर बोट ठेवले.

"लाईट आली म्हून ह्याला कळतं व्हय?"

"लगेच कळतं."

"मंग सांगत काहून न्हाई ह्ये?"

प्रश्न शास्त्रीय होता. मी दुसरा नियम लिहिला: वीज आली की भोंगा वीस सेकंद वाजवा.

आमच्याकडे घरांची आणि मळ्यांची लाईट एकदमच येते आणि एकदमच जाते, कधी ते कोणी सांगत नाही. ती आल्याबरोबर विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागते. (आपोआप चालू होणारे बटण लावले की मोटार जळते, म्हणून माणूस पाठवतात.) भोंग्यापूर्वी वीज आल्यापासून मोटार चालू होईपर्यंत सरासरी चौतीस मिनिटे लागत. भोंग्यानंतर सहा लागू लागली. केळी तरारली. ग्रामपंचायतीने पॅनलचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. (शाल तीन दिवस पेटीवरच राहिल्याने पॅनल तापले.) भोंगा वाजताच गड्यांनी मोटारीवर आणि बायांनी पाणी वळवायला निघावे, असा ठरावही झाला. महिन्याभरात गाव इतके तयार झाले की भोंगा वाजला की न्हाव्याच्या खुर्चीतून माणूस अर्ध्या दाढीने निघू लागला.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी १२ वाजून ४१ मिनिटे ७ सेकंदांनी मागच्या खोलीचे दार उघडले. १२ वाजून ४१ मिनिटे ७ सेकंदांनीच भोंगा सुरू झाला. इतकी तत्परता मी कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही.

पाच मिनिटांत गाव रिकामे झाले. किसनराव धावले. मंजुळाबाई आणि प्रियदर्शनी फावडी घेऊन धावल्या. मीही धावलो. आमचीही केळी आहे.

विहिरीवर लाईट नव्हती. पण भोंगा वीस सेकंदांनी थांबेना, तेव्हा लोक थांबून राहिले.

"आज लई येऊन राहिली वाटतं," शेजारच्या मळ्यातला रामकिशन म्हणाला. हे सर्वांना पटले. आम्ही तासभर स्टार्टरवर बोट ठेवून उभे होतो.

गावात मागे राहिले ते फक्त मसाजी. त्यांच्याकडे चाळीस मेंढ्या आहेत, मोटार नाही. परत आल्यावर किसनरावांनी रिकामी खोली पाहिली आणि त्यांना गाठले.

"मसाजी, तुमी इथंच व्हते ना? काई पाह्यलं?"

"पाह्यलं की. टेंपोत पोते घालून राहिले व्हते. म्या इचारलं कुठं, तं मनले वसमतला, मोंढ्यात इकायला. मनलं बराबर हाय, सध्या भाव हाय."

"अन् भोंगा वाजून राहिला व्हता त्ये?"

"त्यो लाईटीचा. मला मोटार हाय व्हय?" मसाजींनी बाहीवरची हळद झटकली. "शेवटलं पोतं जड व्हतं. म्या हात लावला."

जुलैतल्या ग्रामसभेत मी अहवाल ठेवला. प्रतिसादाचा वेळ शून्य सेकंद, निसटलेल्या घटना शून्य, नोंदी संपूर्ण. यंत्रणा शंभर टक्के यशस्वी ठरली. नंतर सतरा प्रश्न विचारले गेले. सोळा प्रश्न भोंगा पुन्हा कधी सुरू होणार याबद्दल होते, कारण चोरांनी जाताना बॅटरी नेली होती, आणि बॅटरीशिवाय कॉम्प्युटर लाईट नसताना जागा राहत नाही. सतरावा प्रश्न, टेंपोने पाण्याचा पाट मोडला का, असा होता.

शेवटी तोडगा निघाला. लाईट आली की कोणीतरी हाताने भोंग्याचे बटण दाबायचे. "किसनरावची पोरगी आता घरीच ऱ्हाती," कोणीतरी सुचवले. एकमताने मंजूर झाले.

बटण मी तिला दाखवले.

"कितीक येळ दाबू?" प्रियदर्शनीने विचारले.

"वीस सेकंद."

"अन् चोर आला तर कोणतं दाबू?"

"हेच."

जुलैपासून ती ते काम करते. लाईट आल्यापासून मोटारी चालू होईपर्यंतची सरासरी आता चार मिनिटांवर आली आहे. सॉफ्टवेअरपेक्षा ही कामगिरी सरस आहे, असे मला शास्त्राशी प्रामाणिक राहून नमूद करावे लागते.

सभेत एकानेही तिच्या प्रवेशाचे विचारले नाही, याबद्दल आमच्या गावाला नावे ठेवू नयेत. अकरा पोती कशासाठी राखली होती, ते वर दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले आहे. तुम्हीही ते वाचले होते. मग भोंगा वाजला.