लाल दिव्याला थांबणारा गुन्हेगार

दिगूभाऊ महाजनांइतका कायदा पाळणारा गुन्हेगार मी दुसरा पाहिला नाही.

गुन्हेगार म्हणजे कॉम्प्युटरवरचा. वीसेक वर्षांपूर्वी एक गेम निघाला होता बघा. समुद्रकाठचं अमेरिकन शहर, ताडामाडाची झाडं, गुलाबी दिवे, आणि रस्त्यात कोणाचीही गाडी अडवून मालकाला कॉलर धरून बाहेर काढायचं. तोच. त्या गेममध्ये भलेभले सज्जन फुटपाथवरून गाडी घालतात. दिगूभाऊ मात्र लाल सिग्नलला थांबतात. आमच्या प्रिंट मिलच्या डिझाइन खात्यात, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी माझ्यादेखत एक झकपक गाडी चोरली आणि पहिल्याच चौकात ब्रेक दाबला.

"भाऊ, चला की आता!" मी म्हणालो.

"लाल शे ना भो."

"अहो, चोरीची गाडी आहे!"

"म्हनून काय सिग्नल तोडाना का?"

सगळं डिझाइन खातं हसलं. भाऊ हसले नाहीत. हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी डावीकडे-उजवीकडे पाहून गाडी काढली.

दिगूभाऊ मूळचे अमळनेरकडचे, वय पन्नाशीचं. सुरतेत आले ते साड्यांची डिझाइनं काढायला, आणि तिथल्या उधना भागातच राहिले. आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. मी त्याच मिलमध्ये रंगखात्यात. त्यामुळे सकाळी स्कूटरवर त्यांच्या मागे बसणं आणि वाटभर त्या गेमचं पुराण ऐकणं माझ्या नशिबी आलं.

"त्याच्यामागे एक सिनेमा आहे, मधू." हे त्यांचं पालुपद. गेममधल्या त्या पांढऱ्या बंगल्याचा लाल गालिच्याचा जिना? त्याच्यामागे एक सिनेमा आहे. परक्या देशातून आलेला एक फाटका माणूस गुन्हे करकरून राजा होतो आणि शेवटी असल्याच जिन्यापाशी मरतो. एका खोलीतलं रक्ताने माखलेलं न्हाणीघर? तेही त्याच सिनेमातलं. आपण फार दंगा केला की भारी गाडीतून दोन साध्या वेशातले पोलीस येतात, ते कोण? "ती टीव्हीवरची मालिका होती अमेरिकेत. एक गोरा, एक काळा. सूट बघ त्यांचे, कसे मिठाईच्या रंगाचे!" गेममधल्या चंद्राला दुर्बिणीच्या बंदुकीने गोळी मारली की तो लहानमोठा होतो, ही बातमी त्यांनी मला पर्वत पाटियाच्या ट्रॅफिकमध्ये, मागे वळून, हात सोडून सांगितली होती. खऱ्या रस्त्यावर भाऊंची शिस्त जरा ढिली असते.

मिलच्या चहात साखर कमी पडली, तर मीच म्हणायचो, "भाऊ, याच्यामागे पण सिनेमा असेल." त्यांना राग येत नसे. ते विचारात पडत.

गेमच्या नायकाला पोहता येत नाही, याचं मात्र त्यांना मनापासून वाईट वाटे. "समुद्राकाठी राहतो आणि पाण्यात पडला की खलास! ज्यांनी बनवला त्यांनी शिकवलंच नाही बिचाऱ्याला." म्हणून ते गाडी समुद्रापासून दहा हात लांबून नेत.

दसऱ्याला आम्ही मिलमध्ये मशिनांना झेंडू वाहतो, नारळ फोडतो. भाऊ घरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावत, आणि मग गेममधली आपली गाडी तिथल्याच रंगाच्या गॅरेजात नेऊन नवी करून आणत. "वाहनपूजा घरच्या वाहनाची नको का?" असं मलाच विचारत.

एकदा तर त्यांनी साडीच काढली. पदरावर गुलाबी आकाश, अंगभर ताडाची पानं, आणि काठाला ओळीने मोटारगाड्या. मार्केटमधले शेठ चष्मा वर करून म्हणाले, "महाजनभाई, आ काठमा मोटर केम दोडे छे?"

"शेठ, त्याच्यामागे एक सिनेमा आहे."

शेठनी मोटारी काढून हत्ती घालायला लावले. ती साडी खानदेशात खूप चालली. बायकांनी ताडाची पानं केळीची समजून लग्नाकार्यात नेसली. मोटारी असलेली नमुन्याची एकच साडी भाऊंनी घडी घालून घरी नेली.

एवढं सगळं असून भाऊ संध्याकाळी मिलमध्ये कधी थांबले नाहीत. साडेपाचला टेबल आवरायचे. "सहाला निघायचं असतं." कुठे, ते सांगत नसत. त्यांच्या बायकोला, शोभावहिनींना, तीन वर्षांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली, हे आम्हाला माहीत होतं. तेव्हापासून भाऊ कोणाला घरी बोलवत नसत आणि आम्हीही जाणं सोडलं होतं. मला वाटे, औषधपाण्याची वेळ असेल. खरं सांगायचं तर मी फारसा विचारच केला नव्हता.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी भाऊ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

"मधू, घरचा कॉम्प्युटर गेला. चालूच होत नाही. येतोस का दुकानात?"

मला हसू आलं. म्हटलं, पन्नाशीच्या माणसाचं खेळणं मोडलं. पण अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

दुकानदार पंचविशीचा. जुनं मशीन उघडून त्याने नाक मुरडलं. "काका, ये तो गया. नया लो ना. और गेम का भी नया व्हर्जन आया है, एकदम चकाचक." त्याने लावून दाखवलं. खरंच चकाचक होतं. दिवे लखलखीत, माणसांची तोंडं वेगळी.

भाऊंनी बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. "नको. तिला हे ओळखू येणार नाही."

"कोणाला?" मी विचारलं.

"तुझ्या वहिनीला. तिला त्या गावचे रस्ते पाठ झालेत रे. आता हे निराळं गाव कुठून दाखवू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार दिवस झाले. रोज सहाला तयार होऊन बसते. मी म्हणतो, आज गाडी नाही. तर म्हणते, बरं, उद्या."

तीन वर्षं मी या माणसाची टर उडवत होतो, आणि एकदाही समोरचा जिना चढून वर गेलो नव्हतो. मला माझीच लाज वाटली.

मी दुकानदाराला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग त्याने नाक मुरडलं नाही. जुनी डिस्क काढली, दुसऱ्या जुन्याच मशीनमध्ये बसवली आणि दोन तास खपला. शेवटी पडद्यावर तो ओळखीचा गुलाबी रंग उमटला. भाऊंनी दुकानदाराचे दोन्ही हात धरले.

मशीन घेऊन आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. त्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. चढताना मला कळलं, वहिनी तीन वर्षांत खाली का उतरल्या नाहीत. पूर्वी दर रविवारी ही दोघं स्कूटरवरून डुमसला समुद्रावर जात, टोमॅटोची भजी खात.

वहिनी टेबलासमोर खुर्चीत बसल्या होत्या. वेणी घातलेली, तोंडाला पावडर. आणि अंगावर ती साडी. काठावरून मोटारी धावत होत्या.

मला बघून त्यांनी डाव्या हाताने पदर सारखा केला. शब्द जरा जड येत होते. "मधूभाऊ, तुम्ही मांगे बसा." मागे खाट होती. मी मागे बसलो.

गाडी निघाली. चाल बैलगाडीपेक्षा थोडी जास्त.

"हाऊ बंगला कोना शे?" वहिनींनी विचारलं.

"त्याच्यामागे एक सिनेमा आहे," भाऊ म्हणाले आणि सगळी गोष्ट सांगू लागले. ती मी पन्नासदा ऐकली होती. तिच्यामागचा प्रश्न कोणाचा होता, ते त्या दिवशी कळलं.

"पाणीजोडे नका जाऊ," वहिनी म्हणाल्या. भाऊंनी गाडी दहा हात लांब घेतली.

समुद्राजवळच्या चौकात लाल दिवा लागला आणि भाऊंनी ब्रेक दाबला. तिथून सूर्य बुडताना दिसत होता. वहिनी बघत होत्या. दिवा हिरवा झाला, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं.

"वाजू द्या त्याले," वहिनी म्हणाल्या. "आपले कोठे घाई शे?"

मीही मागून म्हणालो, "थांबा भाऊ. मलाही घाई नाही."