इरलं आणि अंगभर सोनं

केसरीनाथशेठ आरशासमोर उभा राहून स्वतःवर खूश होत होता. गुडघ्याच्या वर खोचलेला पंचा, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि बंडीखाली गळ्यात जाडजूड साखळ्या, मनगटात कडं, बोटाबोटांत अंगठ्या. पलंगाला टेकवलेलं इरलं तेवढं पाठीवर घ्यायचं राहिलं होतं. भातलावणीत पाऊस लागू नये म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंत घ्यायचं ते पानांचं आणि कामट्यांचं छप्पर. बापाचं खरं इरलं बंगला बांधताना कचऱ्यात गेलं होतं, म्हणून एप्रिलच्या रणरणत्या उन्हात हे नवीन करवून घ्यावं लागलं.

"ता सोना काढा," सीताबाई म्हणाली. "शेतकरी दिसाचा हाय ना? आनि काढताच हाव तं मना द्या. भूपेश सोनाराकडून पालिश करून आनते. वरीस झाला, हातसुदा लावून देत न्हाय."

"सोन्याला हात लावू नको!" केसरीनाथ असा ओरडला की खाली ड्रायव्हरने गाडी सुरू केली. "सोना काढला तं भावकी काय बोलंल? सोना इकला बोलंल."

प्रसंग तसाच होता. हमरस्त्यालगत जो 'ऑरेलिया ग्रँड' नावाचा काचेचा डोंगर उभा आहे, त्याचा आज दहावा वर्धापनदिन होता. तिथे पूर्वी केसरीनाथचा बाप काळूराम भात पिकवायचा. बिल्डर जमीन मागायला आला तेव्हा त्याने केसरीनाथच्या ओटीवर बसून बोंबलाचं कालवण ओरपलं, आणि गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून तो म्हणाला, "मॉलच्या मधल्या चौकाला तुमच्या वडिलांचं नाव." आमच्याकडे नारळावर हात ठेवला की कागद लागत नाही. बिल्डरला हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असावं.

पहिल्या वर्षी मॉलमध्ये चपला, कुकर आणि एक सिनेमा होता. मग त्याने शेजारच्याचं शेत गिळून तिथे खाण्याची दुकानं काढली. पुढे खाडीकडची जमीन गिळून 'लक्झरी विंग' उघडली. तिथल्या दुकानांची नावं वाचायला जीभ गहाण ठेवावी लागते. भिवंडीच्या मागावर विणलेलं कापड मीटरच्या भावाने बाहेर जातं, कुठेतरी परदेशी लेबल लावून घेतं आणि याच विंगमध्ये दहापट किमतीला परत येतं. मग मागवाल्याचीच सून ते विकत घेते आणि लग्नाच्या हळदीत मिरवते, "इंपोर्टेड हाय." चौकाचं विचारलं की प्रत्येक वेळी उत्तर मिळायचं, पुढच्या टप्प्यात. भावकी प्रत्येक हळदीत केसरीनाथला गाठून विचारायची, "काय शेठ, चौक कुठंवर आला?" हळदीच्या मटणाचं ताट तसंच टाकून तो उठायचा.

आणि यंदा मॉलला इतिहासाची हौस आली. जनसंपर्क अधिकारी मृणाली हिने फोन केला, "तुम्ही आमचे पहिले शेतकरी. चौकाच्या नावाची पाटी तुमच्याच हस्ते उघडायची. पारंपरिक वेषात या." तिच्या डोळ्यांपुढे झब्बा आणि फेटा होता. केसरीनाथच्या डोळ्यांपुढे बाप आला.

त्याने भावकीसाठी बस केली. सीताबाई बायकांबरोबर बसने पुढे गेली. पंचाला खिसा नसतो, म्हणून त्याचा मोबाइल तिच्या पर्समध्ये गेला. इरलं मोठ्या गाडीच्या टपावर बांधून केसरीनाथ मागून आला. ड्रायव्हरने त्याला दारात उतरवलं आणि गाडी तळघरात लावायला नेली. पाकीट गाडीतच राहिलं.

दारात तपासणीची चौकट होती. केसरीनाथ बापाच्या आठवणीने छाती फुगवून आत शिरला आणि इरलं दोन्ही बाजूंनी चौकटीत अडकलं. वर चौकट कोकलायला लागली.

"ए चाचा, ये छप्पर लेके किधर?" रखवालदाराने विचारलं.

"छप्पर न्हाय, इरला हाय! खेचो मत!"

रखवालदाराने खेचलंच. मागे उभ्या माणसांनी मोबाइल काढले. इरलं निघालं, पण त्याची कामटी बंडीत अडकली होती, ती बंडी गळ्यापासून पोटापर्यंत फाडत निघाली. आतलं सोनं उन्हात लखलखलं. रखवालदाराने एकदा फाटक्या बंडीकडे पाहिलं, एकदा साखळ्यांकडे, आणि केसरीनाथचा दंड धरला.

सुरक्षा विभागाच्या खोलीत धम्मपाल नावाचा अधिकारी बसला होता. माणूस सभ्य होता, फक्त रोजच्या अनुभवाने पिकला होता.

"काका, हे सोनं कुणाचं?"

"माजा! मना वळखत न्हाय? हा मॉल माजे बापाचे शेतावर हाय!"

"सगळे हेच सांगतात, काका. परवा एक जण सरकत्या जिन्यावर बसून होता. म्हणे, हा माझा बांध. ओळखपत्र?"

"गारीत."

"घरच्यांचा नंबर?"

बायकोचा नंबर मोबाइलला पाठ होता, त्याला नव्हता. धम्मपालने मृणालीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मॅडम, एक माणूस म्हणतो तो आपला शेतकरी आहे. पंचा नेसलाय."

"छे हो! ते शेठ मोठ्या गाडीतले, ते कशाला पंचा नेसतील? फोनच उचलत नाहीत. मी एजन्सीचा शेतकरी उभा केलाय स्टेजवर. फार गोड दिसतो."

भिंतीवरच्या पडद्यावर ते सगळं बिनआवाजाचं दिसतच होतं. इस्त्रीच्या धोतरातल्या एका नटाने दोरी ओढली. पडदा सरला आणि पाटी उघडी झाली, 'के. आर. पियाझा'. काळूरामचा के. आर. झाला होता आणि चौकाचा पियाझा; अख्खं नाव मॉलच्या रंगसंगतीत बसत नव्हतं म्हणे. केसरीनाथची भावकी रांग लावून त्या नटाबरोबर फोटो काढून घेत होती. एक म्हातारा चुलता तर डोळे पुसत होता. केसरीनाथला रडूच आलं. दहा वर्षं ज्या क्षणासाठी टोमणे गिळले, तो भाड्याच्या माणसाने घेतला होता.

"सोनं आपल्याच दुकानातलं नाही ना, एवढं बघून घेऊ," असं म्हणून धम्मपालने लक्झरी विंगमधल्या सराफाला, भूपेशला, बोलावलं.

भूपेश आला, त्याने साखळी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. माल त्याच्याच दुकानातला होता, पण समोरच्या काचेतला नव्हे, मागच्या कपाटातला. जमिनीचे पैसे गाड्यांत, हळदींत आणि निवडणुकीत उडाल्यावर केसरीनाथने गेल्या वर्षी खरं सोनं मोडून हुबेहूब खोटं करून घेतलं होतं. तो एकटाच नव्हता. अर्ध्या तालुक्याची अब्रू भूपेशच्या त्या कपाटात होती, आणि त्या कपाटावर भूपेशचं दुकान चाललं होतं.

केसरीनाथने भूपेशकडे काकुळतीने पाहिलं. भूपेश खाकरला. ओळख दाखवली तर मागच्या कपाटाचा विषय निघाला असता.

"आमच्या दुकानातलं नाही, साहेब. पण अस्सल आहे. बावीस कॅरेट."

"मग बाहेरच्या चोरीचं असणार, पोलिसांना कळवणं आलं," धम्मपाल म्हणाला.

त्याने फोन उचलला तेवढ्यात दार धाडकन उघडलं. ड्रायव्हरला दारात बेवारस पडलेलं इरलं दिसलं होतं, आणि त्याने सीताबाईला गाठलं होतं. तिच्या मागून सगळी भावकी आत घुसली.

"घोव हाय माजा!" सीताबाई गरजली. "सोनाबी आमचाच हाय! कोनी धरला त्यांना?"

धम्मपाल उठून उभा राहिला आणि हात जोडून माफी मागू लागला. मघाचा तो चुलता पुढे सरकून साखळ्यांकडे पाहत राहिला.

"आमी समजलो याचा सगला इकला," तो पुटपुटला. "एवरा सगला खरा हाय?"

"आत्ताच तपासलंय," धम्मपाल म्हणाला. "बावीस कॅरेट. अस्सल."

भावकीत कुजबुज पसरली. केसरीनाथने फाटकी बंडी मुद्दाम आणखी उघडली. चौक गेला तर गेला, पण असा शिक्का चारचौघांत बसला होता की आता पुढच्या दहा हळदींत कुणाची तोंड उघडायची हिंमत होणार नव्हती. कित्येक महिन्यांनी त्याला मोकळा श्वास आला.

सीताबाईने पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीवर ऐसपैस बसली.

"बरा झाला, भूपेशशेठ, तुमी हितंच भेटलाव. आताच तोला सगला. तुमचे काचंत तो रानीहार हाय ना, त्याच्यात मोडून टाका. यांना आता काय, ते शेतकरी झालं."

भूपेशने रुमालाने मान पुसली. "वहिनी, आज आमचा काटा बिघडलाय."

"काटा दुसऱ्या दुकानातून मागवतो की," धम्मपाल म्हणाला. झालेल्या अपमानाची भरपाई करायला तो उतावीळ झाला होता. "आणि तिथला सराफही बोलावतो, म्हणजे भाव दोघांकडून कळेल."

भावकी टेबलाभोवती गोळा झाली. सीताबाईने साखळीच्या फाशाला हात घातला. केसरीनाथ तिचा हात झटकून उठला आणि दोन्ही मनगटं जोडून धम्मपालपुढे केली.

"साहेब, तुमी पोलीस बोलवा," तो म्हणाला. "मी चोर हाय. ता सोना मी चोरलाय."