दिसू नये, पण असावा असा डाग

माणसाचं रक्षण कातडी करते आणि कातडीचं रक्षण तिच्यातच मुक्काम ठोकून बसलेले पहारेकरी करतात. रक्तातले शिपाई सगळं उरकल्यावर येतात (शिपाई कुठलेही असोत). हे मात्र शत्रूचं तोंड एकदा बघितलं की जागा सोडत नाहीत. बदली नाही, रजा नाही, पगार तर नाहीच.

उझबेकिस्तानात कार्शीकडच्या एका गावात वाळूतली माशी चावली की जखम वर्षभर चिघळते आणि गालावर जन्माचा डाग सोडून जाते. म्हणून शहाणे आईबाप लेकरांना लहानपणीच, कपड्याखाली झाकेल अशा जागी, ती जखम मुद्दाम करून घेत. पहारेकरी तिथं धडा शिकतात, अंगभर पसरतात, चेहरा वाचतो. तिथल्या झुलखुमोर नावाच्या मुलीचा वाचला. त्यावरच ताश्कंदचा सांजर भाळला. तिलाही सांजरच हवा होता.

घोळ घातला सांजरच्या आत्यानं, शराफतनं. चहाची पियाली खाली ठेवून ती म्हणाली, "चेहरा साफ आहे, पण डाग कुठाय? उद्या नाकावर उठला म्हणजे?"

"आहे की डाग," झुलखुमोरची आई म्हणाली.

"मग दाखवा."

"दाखवण्यासारख्या जागी करायचा असता, तर एवढा खटाटोप कशाला केला असता, आपा?"

मामला मोहल्ल्याच्या समितीकडे गेला. समितीनं ठरवलं: डागाशिवाय लग्न नाही, पाहिल्याशिवाय डाग नाही, आणि पाहू दिला तर मुलगी चांगल्या घरातली नाही. (तिन्ही ठराव एकमतानं.) तपासणीचा त्रास सोसायला सात म्हातारे आपणहून पुढे झाले. त्यातल्या पाचांना समोरची मशीदही दिसत नाही.

झुलखुमोरचं डोकं फिरलं. "आधी नवऱ्याचा डाग बघा!"

सगळे सांजरकडे वळले. म्हातारे मात्र एकदम घड्याळं बघायला लागले.

"मला... नाहीये," सांजर पुटपुटला.

"आत्या, बिनपहाऱ्याचा माल माझ्या गळ्यात मारताय होय?" झुलखुमोर कडाडली.

शराफतला ठसका लागला. समितीनं नवा ठराव केला: नवऱ्यानं आधी जखम करून घ्यावी, ती भरली की लग्न.

"कुठं करून घेऊ?" सांजरनं विचारलं.

"तुझ्या आत्याला सगळं उघड्यावर लागतं," झुलखुमोर म्हणाली. "नाकावर घे."

त्यानं नाकावर घेतली नाही. वर्षभर तो पुलाव उभ्यानंच खायचा, त्यामुळे जागा कुणाला विचारावी लागली नाही. मग लग्न झालं.

झुलखुमोरचा डाग मात्र कुणालाच दिसला नाही. सात म्हातारे अजून हळहळतात. आठवे तुम्ही. तो नेमका कुठं आहे, हे इथवर तुम्हीही शोधतच आलात ना?